एक तरी ठिपका

रोज सकाळी दस्तगीर सतारमेकर 'हो' म्हणत.

तोंडानं नव्हे. तोंडानं बोलून त्यांना चार वर्षं होऊन गेली होती. मिरजेच्या सतारमेकर गल्लीतल्या दुकानात तंबोऱ्याची जवारी घासता घासता ते एका कुशीला कलले, हातातली कानस खाली पडली, आणि त्यानंतर त्यांच्या तोंडून शब्द म्हणून आला नाही. मेंदूत रक्त उतरलं होतं. तेव्हापासून गावाबाहेरच्या शुश्रूषा केंद्रात खिडकीजवळच्या खाटेवर ते पडून होते. डोळे उघडायचे, मिटायचे. पण कुणाकडे बघायचे नाहीत. 'हो' म्हणायचं ते त्यांच्या उशाशी असलेलं यंत्र. मुलगा मोहसीन तंबोरा छेडायचा आणि पडद्यावर हिरवी अक्षरं उमटायची : हो. म्हणजे आत माणूस आहे. म्हणजे उद्या पुन्हा यायचं.

त्या एवढ्याशा 'हो'वर एक अख्खं घर चार वर्षं उभं होतं. आणि गंमत अशी की, यंत्राच्या पोटातली ती 'हो' म्हणणारी ओळ लिहिली होती दस्तगीरभाईंच्याच थोरल्या मुलीनं, आफरीननं. लाकडाला हात न लावणारी घरातली ही पहिलीच. पुण्याच्या एका कंपनीत ती यंत्रांना अक्कल शिकवायची.

यंत्र तसं साधं होतं. डोक्यावर ओढायची एक मऊ जाळी. तिच्या प्रत्येक गाठीत मोहरीएवढा ठिपका, असे काही हजार. प्रत्येक ठिपका आपल्याखालच्या मेंदूच्या कणभर जागेतला वीजप्रवाह ऐकत बसतो. बेशुद्ध माणसाच्या मेंदूतही प्रवाह असतातच, त्यांना कुणी जाग म्हणत नाही. पण ओळखीचा आवाज कानी पडला तर जाग्या मेंदूत एक वेगळी लाट उठते. आवाजाबरोबर नव्हे, अगदी क्षणभर मागून. आवाज आत जातो, तिथं त्याची ओळख पटते आणि मग लाट उठते. सगळी किंमत त्या क्षणभराला. खाट हलली, रुग्ण खोकला, कुणाचा धक्का लागला, तर ठिपक्यांच्या तारा हलतात आणि खोटीच लाट दिसते. पण ती धक्क्याच्या जोडीनंच येते. म्हणून नियम अगदी सरळ ठेवला होता : आवाजाबरोबर आला तो हादरा, आवाजामागून आली ती जाग.

हे सगळं मोजून झालं की शेवटी एकच प्रश्न उरायचा. एवढ्या हजारांपैकी एक तरी ठिपका जागा आहे का?

तो प्रश्न आफरीननं रुबी भाषेत लिहिला होता. संगणकाच्या भाषांमध्ये रुबी जरा माणसाळलेली. हो किंवा नाही असं उत्तर देणाऱ्या शब्दापुढे तिच्यात चक्क प्रश्नचिन्ह लावतात. ठिपक्यांची रांग घ्यायची, तिला 'एनी?', म्हणजे 'एक तरी?', असं विचारायचं, पुढे अट द्यायची, झालं काम. मग रुबी पहिल्या ठिपक्यापासून सुरुवात करते आणि एकेकाला ती अट विचारत पुढे जाते. पहिला 'हो' भेटला की तिथंच थांबते, पुढच्यांना विचारायचे कष्ट घेत नाही. कोण हो म्हणालं तेही सांगत नाही. 'नाही' म्हणायचं असेल तर मात्र तिला रांगेच्या टोकापर्यंत जावंच लागतं.

"ज्या ठिपक्याला डोकं टेकतच नाही त्याचं काय?" असं कंपनीच्या बैठकीत एकानं विचारलं होतं. प्रश्न रास्त होता. जाळी एकाच मापाची. लहान डोक्याला ती सैल होते आणि कडेचे ठिपके उशीवर लोळतात.

"ते 'निल' सांगतील," आफरीन म्हणाली होती. निल म्हणजे काहीच नाही, आणि काहीच नसण्याला रुबी 'नाही'च धरते. मग त्यांना रांगेतून मुद्दाम कशाला काढायचं? बैठकीत सगळ्यांनी माना डोलावल्या आणि चहा आला.

दस्तगीरभाईंचं डोकं लहान होतं.

*

डॉक्टर हेर्लेकरांचा फोन आला तो सोमवारी. बाई मोजकं बोलायच्या.

"आफरीन, अब्बांच्या छातीत कफ फार साचतोय. आता गळ्यात छेद देऊन नळी बसवावी लागेल, श्वासाचं यंत्र लावावं लागेल. सोपं नाहीये हे. त्यांना त्रास होणार."

"दुसरा काही मार्ग?"

"कायदा तुला माहीत आहे. 'नाही' म्हणणारा रुग्ण असता तर मी घरच्यांना विचारलं असतं, की थांबायचं का? नुसता आराम पडेल एवढंच करायचं का? पण तुझे वडील 'हो' म्हणतात. 'हो' म्हणणाऱ्या माणसाचा उपचार मला थांबवता येत नाही, आणि थांबवावा असं मी म्हणणारही नाही. फक्त शस्त्रक्रियेआधी कंपनीच्या माणसानं यंत्र एकदा तपासून जायचं असतं."

"मीच येते," आफरीन म्हणाली.

केंद्रात ती पोहोचली तेव्हा मोहसीन आधीच आलेला होता. तंबोऱ्याची गवसणी काढून त्यानं नीट घडी घातली होती. तिच्याहून पाच वर्षांनी लहान, पण कानशिलं पांढरी झालेली.

"आलीस व्हय आपा? बस की. आत्ताच पुसून घेतलंय अब्बांना."

मोहसीन एकेकाळी दुबईत ध्वनिमुद्रणाच्या स्टुडिओत होता. चांगलं चाललं होतं. बायको नाझनीन, छोटी सारा, उंचावरचं घर. चार वर्षांपूर्वी आफरीननंच खाटेशी पहिल्यांदा तंबोरा छेडून पाहिला होता, आणि तिनंच त्याला फोन केला होता, "मोहसीन, अब्बा हो म्हणाले!" असं ओरडतच. मिळेल त्या विमानानं तो आला. नाझनीनला महिन्याभरात परततो म्हणून सांगून आला. महिना कसला नि काय! अब्बा रोज हो म्हणत असताना पोरानं पाठ कशी फिरवायची? नाझनीननं वाट पाहिली, रागावली, रडली, मग रागवायचीही थांबली. गेल्या थंडीत तिनं खुला घेतला, आपणहून तलाक मागून मोकळी झाली. साराला बाप आता फोनच्या पडद्यावर भेटत होता, तोही शुक्रवारी.

मोहसीननं तंबोरा उचलला आणि रोजच्यासारखा त्याचा भोपळा खाटेच्या लोखंडी कठड्याला अलगद टेकवला. उशीशेजारी, अब्बांच्या कानाजवळ. बाकीच्या रुग्णांचे नातेवाईक आवाज मोबाइलवर आणत, कुणी नातवाचं बोलणं, कुणी देवळातली आरती. सतारमेकरांच्या घरात ते चालण्यासारखं नव्हतं. विजेवर वाजणाऱ्या डबीतल्या तंबोऱ्यानं यांचा धंदा बुडवला होता. त्या डबीचा आवाज अब्बांच्या कानात घालायचा म्हणजे जखमेवर मीठ चोळण्यासारखंच. म्हणून खरा तंबोरा. आणि तोही अब्बांनी स्वतः केलेला, शेवटचा पुरा झालेला.

पंचम, षड्ज, षड्ज, खर्ज. चार तारा एकामागून एक सुटल्या. खोली भरली. पडदा हिरवा झाला. हो.

"बघ," मोहसीन म्हणाला. चार वर्षांनंतरही त्याचा चेहरा त्या अक्षरांनी उजळायचा. "आज लवकर बोलले. तू आलीस ना."

आफरीनला भरून आलं. ती खाटेशी खुर्ची ओढून बसली. प्रवासानं अंग आंबलं होतं. तिनं कठड्यावर हात ठेवले आणि हातांमध्ये हनुवटी टेकवून अब्बांकडे बघत राहिली. केवढे वाळले होते. गालाची हाडं वर आलेली, ओठांना कोरड. मोहसीनचं बोट फिरत होतं.

हनुवटी घसरून लोखंडाला लागली, आणि तिच्या जबड्यात तंबोरा वाजला.

दस्तगीरभाई जवारी लावायला बसले की कानावर भरवसा ठेवत नसत. तंबोऱ्याची दांडी दातात धरायचे, डोळे मिटून घ्यायचे आणि तार छेडायचे. लहानपणी आफरीनलाही त्यांनी तसं करायला लावलं होतं. "कान फसतो पोरी," ते म्हणायचे, "हाड फसत नाही." आणि मग समजवायचे की तार छेडली की आवाज लगेच येतो, पण तो नुसता टणत्कार. खरा तंबोरा त्याच्यामागून बोलतो. तारेला पेलणाऱ्या घोडीच्या उतारावर तार घासत जाते, तिच्याखाली सुताचा दोरा असतो, आणि क्षणभरानं आवाज फुलतो. ते फुलणं म्हणजे जवारी. ते किती वेळानं यावं आणि किती फुलावं, ते कारागिराच्या हातात असतं. दस्तगीरभाईंच्या जवारीसाठी धारवाडपासून गवई येत.

आत्ता तिच्या हाडात तेच येत होतं. आधी बारीकसा ठोका, आणि मग अगदी क्षणभर मागून, फुलत फुलत, लोखंडभर पसरत जाणारी थरथर.

आवाजामागून आली ती जाग. हा नियम तिचाच होता.

तिनं पिशवीतून संगणक काढून मांडीवर घेतला, यंत्राला जोडला आणि आपली जुनी ओळ शोधून काढली. एकच शब्द बदलायचा होता. 'एनी?' काढून तिथं 'सिलेक्ट' लिहिलं. म्हणजे आता रुबी पहिल्या 'हो'पाशी थांबणार नव्हती. जे जे हो म्हणाले त्या सगळ्यांना निवडून पुढ्यात ठेवणार होती. पडद्यावर डोक्याचा नकाशा आला. जागे ठिपके हिरवे.

हिरवे पुष्कळ होते. सगळे कडेचे, उशीवर लोळत पडलेले, अब्बांच्या डोक्याला न टेकलेले. निल सांगायचं सोडून ते कठड्यातून आलेल्या जवारीनं थरथरत होते. टेकलेल्यांपैकी एकही हिरवा नव्हता.

*

"मोहसीन, आज जरा खाली बसून वाजव," ती म्हणाली. आवाज शक्य तेवढा सहज ठेवला. "मांडीवर घे तंबोरा. तपासणीत तसं बघायचं असतं."

मोहसीननं खळखळ केली नाही. कोपऱ्यातली सतरंजी अंथरली, मांडी घातली, तंबोरा उभा धरला. तसा तो जास्तच गोड वाजत होता; शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याची सून हातातलं काम टाकून ऐकायला लागली.

पडद्यावर आलं : नाही.

"खर्ज उतरलाय वाटतं," मोहसीन म्हणाला. खुंटी पिळली, मणी सरकवला. पुन्हा छेडलं.

नाही.

मोहसीननं आफरीनकडे पाहिलं, मग पडद्याकडे. उठला. तंबोरा नेहमीच्या जागी कठड्याला टेकवला आणि पहिलीच तार छेडली.

हो.

"बघितलंस?" तो हसला. "जवळ लागतं त्यांना. लांबून नाही पटत."

आफरीनला वाटलं की आपण संगणक मिटावा, सगळं ठाकठीक आहे म्हणून सही करावी आणि संध्याकाळच्या गाडीनं पुण्याला निघून जावं. कुणाला कळणार होतं? दुसऱ्या कुणाच्या खाटेला तंबोरा टेकलेला नव्हता. दुसऱ्या कुठल्या वाद्याचा आवाज असा ऐनवेळी मागून फुलत नव्हता. ही चूक साऱ्या दुनियेत त्यांच्याच घराला करता येण्यासारखी होती आणि त्यांनी ती रोज, मनोभावे केली होती. पण उद्या सकाळी अब्बांच्या गळ्याला छेद जाणार होता.

"मोहसीन, इथं हनुवटी ठेव," ती म्हणाली.

"काय?"

"ठेव. मी वाजवते."

मोहसीन वाकला, त्यानं लोखंडावर हनुवटी टेकवली. तिनं तार छेडली. त्याला समजवून सांगायची गरजच पडली नाही. आवाजातच जन्म गेलेला माणूस. पहिल्या तारेला त्याचे डोळे मिटले. चौथ्या तारेपर्यंत त्याच्या चेहऱ्यावरचं सगळं पुसून गेलं होतं. तो तसाच वाकून राहिला.

लोखंडावरची हनुवटी न उचलता म्हणाला, "कधी कळलं तुला?"

"आत्ता."

"मग आत्ताच विसर."

"गळ्यात नळी घालतील रे उद्या."

"घालू देत." तो ताठ झाला. आवाज चढला तशी शेजारची सून पाणी आणायच्या निमित्तानं बाहेर गेली. "तूच फोन केलास ना मला? अब्बा हो म्हणाले म्हणून तूच ओरडलीस ना? मी आलो. नाझनीनला काय सांगितलं मी? माझा बाप आत जागा आहे, मला ऐकतोय, एकटा आहे. ती गेली आपा. माझी पोर मला शुक्रवारचा अब्बा म्हणते. आणि आता तू सांगणार की लाकूड बोलत होतं?"

आफरीनला त्याचा हात धरावासा वाटला, पण त्याच हातात तंबोरा होता.

"अब्बांचंच लाकूड," एवढंच ती म्हणाली, आणि म्हणताक्षणी तिला स्वतःची चीड आली.

*

अम्मीला सांगायचं काम मोहसीननंच केलं. दुपारी दुकानाच्या पायरीवर बसून, इकडे तिकडे न बघता, चार वाक्यांत. दुकान आता बंदच असायचं. छताला मंगळवेढ्याहून आणलेले भोपळे टांगलेले होते, वाळून कडकडीत झालेले. त्यांना भाव देणारं कुणी उरलं नव्हतं.

अम्मीनं, हलिमाबीनं, सगळं ऐकून घेतलं. सुनेची वाट बघून, नातीची वाट बघून ही बाई आता कशानं दचकत नसे. डोक्यावरचा पदर तिनं नीट केला.

"म्हणजे आज नव्हते म्हणाले. बरं. काल?"

"अम्मी, काल पण तंबोरा तिथंच होता."

"तसं नव्हे. मला असं सांग आफरीन, ह्या चार वर्षांत एकदा तरी? तंबोऱ्याबरोबर का असेना, एकदा तरी ते स्वतः हो म्हणाले असतील की नाही? लाकडाच्या आवाजात आपल्याला ऐकू आलं नसंल. एखादा दिवस. एखादा ठिपका."

आफरीननं मान वर केली. हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. आणि हे विचारता येण्यासारखं होतं. रोजच्या रोज प्रत्येक ठिपक्यानं काय ऐकलं ते कंपनीकडे साठवलेलं होतं. ते उशीवरचे नालायक ठिपके आता कामाला आले असते. खाट कशी, किती थरथरली ते त्यांनी इमानदारीनं टिपून ठेवलं होतं. तेवढी थरथर डोक्यावरच्या ठिपक्यांमधून वजा केली की उरेल ते अब्बांचं.

"विचारते," ती म्हणाली.

मोहसीन उठून गेला नाही. तिच्या मागं उभा राहून बघत राहिला. प्रश्न जुनाच होता, फक्त रांग लांबली होती. सगळे दिवस, प्रत्येक दिवसातली प्रत्येक तार, आणि तारेगणिक हजारो ठिपके. एनी? एक तरी?

"कुठून सुरुवात करणार?" अम्मीनं विचारलं.

"पहिल्या दिवसापासून. तेव्हा जाग असण्याचा संभव जास्त होता."

"आणि वेळ किती लागंल?"

"हो असेल तर कधीही येईल अम्मी. एक सापडला की थांबतंय ते. नाही असेल तर..." ती अडखळली. "नाही असेल तर सगळ्यांना विचारून होईपर्यंत."

तिनं कळ दाबली. पडद्याच्या कोपऱ्यात एक रेघ लुकलुकायला लागली.

अम्मी नमाज पढून आली. रेघ लुकलुकत होती. अम्मीनं चहा केला, तिघांनी तो प्याला. मोहसीननं दुकानातली एक फळी उघडून अब्बांचा अर्धवट राहिलेला तंबोरा बाहेर काढला, धूळ पुसली आणि पुन्हा आत ठेवला.

"किती झालं?" त्यानं विचारलं.

"ते सांगत नाही."

"निम्मं तरी झालं असंल की."

आफरीननं रेघेकडे पाहिलं. पहिले दिवस आता मागे पडले असणार. पहिले महिनेही. ज्या दिवसांवर तिची सगळी भिस्त होती ते केव्हाच 'नाही' म्हणून गेले असणार, आणि यंत्र पुढच्यांना विचारत निघालं असणार. नाझनीन वाट बघत होती ते दिवस. नाझनीन रडत होती ते दिवस. तिला हे कळत होतं आणि मोहसीनलाही कळत असावं, कारण त्यानं पुन्हा विचारलं नाही. प्रत्येक लुकलुकीबरोबर उत्तर जवळ येत नव्हतं. ते येऊनच चाललं होतं.

अम्मीनं परातीत तांदूळ घेतले आणि निवडायला बसली. खडा नव्हताच त्यात. तरी निवडत राहिली. उन्हं भोपळ्यांवरून उतरून भिंतीवर गेली.

अस्रची, दिवस कलतानाची अजान झाली त्याच्या थोड्या वेळानं रेघ थांबली. नाही.

पडद्याचा उजेड कुणाच्या तोंडावर पडण्याइतकाही बदलला नाही. अम्मीनं परात बाजूला सारली.

"सगळ्यांना विचारलं?"

"सगळ्यांना, अम्मी. विचारल्याशिवाय त्याला नाही म्हणता येत नाही."

"मी रोज बोलत होते त्यांच्याशी," हलिमाबी म्हणाली. "मोहसीनचं वाजवून झालं की तू बाहेर जा म्हणायची त्याला, आणि बोलायची. चाळीस वर्षांत जे बोलले नाही ते बोलले गं. तुझा मामू वारला तेव्हा मी त्यांना टाकून बोलले होते, त्याची माफी मागितली. मला वाटलं, ऐकलं असंल." आणि मग ती रडायला लागली, तोंडावर पदर न घेता, लहान पोरीसारखी, मोठ्यानं.

मोहसीन पायरीवर तिच्याशेजारी येऊन बसला. आफरीननं संगणक मिटला. तिला वाटलं होतं की निदान खरं कळल्याचं काही हलकेपण येईल. तसलं काही आलं नाही.

*

दुसऱ्या दिवशी गळ्याला छेद गेला नाही. डॉक्टर हेर्लेकरांनी आफरीनचा अहवाल दोनदा वाचला, कठड्यावर स्वतःची हनुवटी ठेवून बघितली आणि म्हणाल्या, "आता त्यांना फक्त आराम द्यायचा." नाकातल्या नळीतून जाणारं अन्न हळूहळू कमी झालं. जाळी मात्र डोक्यावरच राहिली. शेवटपर्यंतची नोंद ठेवायची हा केंद्राचा नियम.

त्या दिवसांत मोहसीन यायचा, पण हात हलवत. येऊन बसायचा, अब्बांचे पाय चेपायचा, निघून जायचा. एकदा आफरीननं विचारलं की दुबईला फोन केलास का? "केला होता," तो म्हणाला. "नाझनीन चांगलं बोलली. तिचं ठरलंय आता दुसरीकडे." 

पुढे एका शुक्रवारी सकाळी दस्तगीरभाईंचा श्वास बदलला. डॉक्टरांनी सगळ्यांना बोलावून घेतलं. हलिमाबी उशाशी बसून हळू आवाजात कुराणातलं यासीन पढत होती. मोहसीन दारात उभा होता. आज त्याच्या हातात गवसणी होती. का आणली ते त्यालाही सांगता आलं नसतं.

अम्मीनं पढता पढता वर बघितलं. "आणलायस ना? वाजव की मग."

"अम्मी, यासीन चाललंय."

"त्यांनी जन्मभर दुसरं काय ऐकलं? वाजव. मी हळू पढते."

मोहसीननं गवसणी काढली. कुठं टेकवावा म्हणून तो घुटमळला, आणि मग त्यानं भोपळा खाटेच्या कठड्याला, जुन्याच जागी, अब्बांच्या कानाजवळ ठेवला. पंचम, षड्ज, षड्ज, खर्ज. कोपऱ्यातल्या पडद्यावर हिरवी अक्षरं उमटली. कुणी तिकडं पाहिलं नाही, निदान पाहिल्याचं दाखवलं नाही.

श्वास लांबत गेले. दोन श्वासांमध्ये तंबोऱ्याचं एक आवर्तन बसायला लागलं, मग दोन, मग तीन. हलिमाबीनं पढणं थांबवून त्यांच्या ओठांवर चमच्यानं मक्केहून आलेलं झमझमचं पाणी सोडलं. ते ओठांच्या कोपऱ्यातून खाली ओघळलं.

डॉक्टर हेर्लेकरांनी मनगट धरलं, छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं, डोळ्यांत बॅटरी मारून पाहिली. मग दस्तगीरभाईंचा हात त्यांनी चादरीवर सरळ करून ठेवला आणि आफरीनकडे बघून मान हलवली. अम्मीनं स्वतःच्या हातानं त्यांचे डोळे मिटले.

मोहसीनला कुणी काही सांगितलं नाही. त्यानं ते पाहिलं होतं. त्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं, पण बोट थांबत नव्हतं, आणि त्याला थांबवायचं बळ खोलीत कुणाच्या अंगात नव्हतं. डॉक्टरांची नजर पडद्यावर गेली, तिथून आफरीनवर आली. आफरीननं पडदा बंद करायला हात उचलला आणि तसाच खाली ठेवला.

मोहसीनचं बोट तारेवर होतं तोवर दस्तगीर सतारमेकर 'हो' म्हणत राहिले.